तडकलेल्या बंपरचा हिशेब

चढावर थांबलेली मोटार हातभर मागे सरकून कठड्याला टेकते, किंवा बाजारपेठेत उभ्या असलेल्या मोटारीला एखादा टेम्पो घासून जातो, आणि बंपरवर वीतभर लांबीची चीर उमटते. चाके फिरत असतात, दिवे लागत असतात, इंजिनाला काहीही झालेले नसते. तरी ती चीर घरातील प्रत्येकाच्या डोळ्यांत खुपते. मोटार सेवाकेंद्रात नेली जाते. तेथील सल्लागार वाकून पाहतो, संगणकावर दोन-चार आकडे टाकतो आणि ‘बंपर बदलावा लागेल, विमा आहे ना?’ असे विचारतो. विमा असतोच. कागदांवर सही होते आणि तीन-चार दिवसांनी नवा बंपर लावून मोटार घरी येते. या व्यवहारात बंपर बदलण्याची खरोखर आवश्यकता होती काय, आणि विम्यामुळे नेमके किती रुपये वाचले, हे दोन प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. विचारले असता उत्तरे अनपेक्षित निघतात.

प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसडर यांच्या काळी बंपर म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी असे. ती वाकली की ठोकून सरळ करीत. गंज चढला की पुन्हा मुलामा देत. आज ज्याला बंपर म्हटले जाते ते वस्तुतः बंपरवरील आवरण होय. सुमारे तीन मिलिमीटर जाडीचे हे प्लास्टिकचे कवच मोटारीला आकार देते, वाऱ्याला वाट करून देते आणि किरकोळ धक्का लागला असता लवून पूर्ववत होते. जोराचा आघात झेलण्याचे काम त्याच्या मागे असलेल्या भागांचे. अनेक मोटारींत आवरणामागे फोमचा अथवा पोकळ प्लास्टिकचा एक थर असतो आणि त्यामागे सांगाड्याला जोडलेली धातूची आडवी तुळई असते. आवरणाला चीर गेली म्हणजे मोटारीची सुरक्षितता गेली, ही समजूत म्हणूनच बरोबर नाही. उलट आवरण वरून धड दिसत असताना आतली तुळई वाकलेली असू शकते. कारण प्लास्टिक लवून परत येते, धातू येत नाही.

तेव्हा चीर केवढी आहे यापेक्षा तिच्यामागे काय घडले आहे, हे पाहणे अगत्याचे. मोटार सपाट जागी उभी करून विजेरीच्या उजेडात खालून पाहावे. बंपर आणि शेजारचे पत्रे यांमधील फट दोन्ही बाजूंस सारखी आहे काय, बॉनेट अथवा डिकी पूर्वीसारखी लागते काय, दिव्यांची पकड सुटली आहे काय, पुढील बंपर असेल तर खाली पाण्याचे किंवा शीतकाचे थेंब पडतात काय, एवढे पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. पुढच्या बंपरमागे वातानुकूलन यंत्रणेचा कंडेन्सर आणि रेडिएटर हे नाजूक भाग अगदी जवळ असतात, हे विसरता कामा नये. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागील बाजूस पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले. त्यामुळे अलीकडच्या मोटारींत मागील बंपर हा त्या सेन्सरांचा आधारही आहे. सेन्सर ज्या खोबणीत बसतो तिचे कान तुटले असतील, तर सेन्सर वाकडा बसून जमिनीकडे किंवा आकाशाकडे पाहू लागतो. काही नव्या मोटारींत अडथळा ओळखून आपोआप ब्रेक लावणारी रडारची यंत्रणा पुढील आवरणामागे असते. त्या रडारसमोरच्या भागात धातूची जाळी, जाड लांबी किंवा रंगाचे थरावर थर चालत नाहीत. तेथे तडा गेला असल्यास आवरण बदलून यंत्रणा पुन्हा जुळवून घेणे हाच योग्य मार्ग. तुळई वाकली असेल किंवा सांगाड्याला धक्का पोहोचला असेल, तर तेथेही काटकसरीचा विचार बाजूला ठेवावा. विमा अशाच प्रसंगासाठी घेतलेला असतो.

याच्या अगदी उलट प्रकारही वारंवार घडतो. बंपर एका बाजूने लोंबतो, हात लावला की हलतो, आणि मालकाची समजूत होते की बंपर गेला. प्रत्यक्षात त्याला पत्र्याशी धरून ठेवणारी कडेची प्लास्टिकची पट्टी मोडलेली असते किंवा दोन-तीन क्लिपा निखळलेल्या असतात. ही पट्टी स्वतंत्रपणे मिळते आणि तिची किंमत बंपरच्या तुलनेत नगण्य असते. क्लिप तर काही रुपयांची वस्तू. ‘बंपरच बदला’ म्हणणाऱ्याला ‘कडेचा ब्रॅकेट वेगळा मिळेल काय?’ असे विचारून पाहावे. या एका प्रश्नावर पुष्कळदा सारे प्रकरण मिटते.

आता विम्याचा हिशेब. सर्वसमावेशक विमा असला म्हणजे सारा खर्च कंपनी देते, असा समज घरोघरी आढळतो. परंतु साध्या विम्यात प्लास्टिक, रबर व नायलॉन यांच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, मग मोटार नवी असो वा जुनी. रंगकामाच्या बिलात साहित्य आणि मजुरी वेगळी दाखवली नसेल, तर एकूण रकमेचा २५ टक्के भाग साहित्याचा मानून त्यावर ५० टक्के घसारा लागतो. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी १,००० रुपये आणि त्यावरील मोटारीसाठी २,००० रुपये प्रत्येक दाव्यात मालकाने स्वतः सोसायचे असतात.

हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, नव्या बंपरचे ४,००० रुपये, रंगाचे ३,००० आणि काढण्या-बसवण्याचे १,००० असे कर वगळून ८,००० रुपयांचे बिल झाले. बंपरवरील घसारा २,००० रुपये. रंगसाहित्याचे ७५० रुपये धरून त्यावरील घसारा ३७५. लहान इंजिनाची मोटार असल्यास अनिवार्य वाटा १,०००. म्हणजे ३,३७५ रुपये मालकाने भरायचे आणि कंपनीकडून ४,६२५ मिळायचे. येथवर व्यवहार फायद्याचा दिसतो. परंतु दावा न केलेल्या वर्षांबद्दल मिळणारी सवलत, जिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात, ती या एका दाव्याने शून्यावर येते. ही सवलत स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठी भरायच्या हप्त्यावर मिळते आणि तिची पायरी २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के अशी वर्षागणिक चढत जाते. समजा, या मालकाला सध्या ३५ टक्के सवलत आहे आणि त्या भागाचा मूळ हप्ता ६,००० रुपये आहे. दावा केला नसता तर पुढील वर्षी ४५ टक्के, म्हणजे २,७०० रुपये सुटले असते. ते आता सुटणार नाहीत. त्यापुढील वर्षी ५० टक्क्यांऐवजी २० टक्केच मिळतील, म्हणजे १,८०० रुपयांचा तोटा. तिसऱ्या वर्षी ५० ऐवजी २५, म्हणजे १,५००. तीन वर्षांत ६,००० रुपये गेले आणि शिडी अजून पूर्ण चढून झालेली नाही. मोटार जुनी होत जाते तसा मूळ हप्ता काहीसा उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरेल. पण ४,६२५ रुपये मिळवण्यासाठी त्याहून अधिक गमावले, हा निष्कर्ष सहसा बदलत नाही. या उदाहरणातील गृहस्थाने संपूर्ण बिल खिशातून भरून नवा बंपर बसवला असता तरी तो दावा करणाऱ्यापेक्षा सुखी राहिला असता.

घसारा न कापणारा जोडविमा घेतला असेल तर भाग बदलण्याचा खर्च जवळजवळ पूर्ण मिळतो; तरीही सवलत शून्यावर येतेच, तिच्या रक्षणासाठी आणखी वेगळा जोडविमा घेतलेला नसेल तर. दावा करण्यापूर्वी मागील वर्षाची विमापत्रिका काढून त्यातील सवलतीचा रकाना एकदा पाहावा. येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. वर्षभरात निरनिराळ्या वेळी पडलेले ओरखडे आणि तडे साठवून ते सारे एकाच अपघातात झाले असे लिहून देण्याचा सल्ला काही गॅरेजांतून सहजपणे दिला जातो. प्रत्येक घटनेचा दावा वेगळा असतो. न घडलेला अपघात लिहून देणे ही फसवणूक होय, आणि खालची सही गॅरेजवाल्याची नसून मालकाची असते.

दुरुस्ती करावयाची असे ठरले, की पहिला हात जातो तो झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या इवल्या नळीकडे. दुसरा, दोन पुड्या मळून लावायच्या इपॉक्सीकडे. दोन्ही उपाय आठवडाभर टिकतात आणि नंतर खवल्यासारखे सुटून येतात. यात गोंदाचा दोष नाही. आजचे बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असतात. ठिसूळपणा येऊ नये म्हणून त्यात ईपीडीएम नावाचे रबर आणि ताठरपणासाठी शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असते. स्वयंपाकघरातील अनेक डबे आणि बाटल्यांची झाकणे याच कुळातली. मेणकापडावर जसे पाणी पसरत नाही, तसा या प्लास्टिकवर गोंद पसरत नाही. तो नुसता टेकून बसतो. त्यातच बंपर प्रत्येक खड्ड्यावर लवतो आणि वाळलेला गोंद लवत नाही. शिवाय एकदा गोंद भरला की तो पूर्णपणे खरवडून काढल्याशिवाय पुढे वितळवून सांधता येत नाही, म्हणजे घरच्या घाईच्या उपायामुळे कारागिराचे काम वाढते. चीर पडल्यावर काही दिवस थांबायचे असेल, तर स्वच्छ पुसून वरून रुंद पारदर्शक टेप लावून ठेवावी. ती दिसायला बरी नाही, पण चिरेत धूळ आणि पाणी जात नाही आणि पुढील काम बिघडत नाही.

प्लास्टिक कोणते आहे हे ओळखण्याची सोय कारखान्यानेच करून ठेवलेली असते. बंपर उतरवून आतली बाजू ओल्या फडक्याने पुसली की दोन कोनी चिन्हांमध्ये काही इंग्रजी अक्षरे उठावात दिसतात. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पुढे ‘ईपीडीएम’ असेल तर रबराचे मिश्रण. ‘टीडी’ आणि त्यापुढे २० असा आकडा असेल तर शंखजिऱ्याची पूड वजनाने २० टक्के. अक्षरे सापडत नसतील तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक आतील अडचणीच्या जागी क्षणभर टेकवावे. प्लास्टिक मेणासारखे वितळले तर ते सांधता येते. न वितळता फेसाळले, करपले आणि धूर देऊ लागले तर ते पॉलियुरेथेनच्या जातीचे आहे असे समजावे, त्याला वितळजोड लागू पडत नाही आणि त्यासाठी दोन घटकांचे खास लवचिक चिकटद्रव्यच वापरावे लागते. तुकडा पाण्यात टाकून तरंगतो की बुडतो हे पाहण्याची जुनी युक्ती बंपरच्या बाबतीत फसवी ठरते. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगते खरे. पण शंखजिऱ्याची पूड वीस टक्के मिसळली की तेच प्लास्टिक बुडते.

सांधण्याचे तत्त्व रस्त्यावर बसून बादल्या आणि टब जोडणाऱ्या कारागिरांचेच आहे: तापलेल्या लोखंडाने दोन्ही कडा वितळवून एकजीव करायच्या आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची भर घालायची. येथे ‘त्याच जातीच्या’ या शब्दांवर सारे अवलंबून आहे. वायरी बांधायच्या पट्ट्या वितळवून भर घालण्याची पद्धत पुष्कळ प्रचलित आहे. परंतु त्या पट्ट्या नायलॉनच्या असतात आणि नायलॉन पॉलिप्रॉपिलीनमध्ये मिसळत नाही. वरून सांधा भरलेला दिसतो, थंड झाल्यावर नखाने उचकटतो. त्यापेक्षा भंगाराच्या दुकानातून तीच अक्षरे असलेल्या मोडक्या बंपरचा तुकडा घ्यावा आणि त्याच्या बोटाएवढ्या लांब, काडीएवढ्या जाड पट्ट्या कापाव्यात. याला जवळजवळ काहीच पैसे पडत नाहीत. पट्टी योग्य आहे की नाही हे आतल्या बाजूस एक थेंब वितळवून, निवल्यावर पकडीने ओढून पाहावे.

प्रत्यक्ष कामाला बंपर मोटारीवरून उतरवून घ्यावा; चाकाच्या कमानीतील स्क्रू, खालच्या क्लिपा आणि वरचे नट यांची छायाचित्रे आधी काढून ठेवली म्हणजे बसवताना घोटाळा होत नाही. सेन्सर आणि धुक्याचे दिवे यांच्या वायरी सोडवल्याशिवाय बंपर ओढू नये. उतरवताना दोन माणसे लागतात. नंतर साबणाच्या पाण्याने दोन्ही बाजू धुवाव्यात, आणि वाळल्यावर चिरेभोवती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे. हे पुसणे घासण्याच्या आधी करायचे. नाही तर जुन्या पॉलिशचा तेलकट अंश घासण्याने प्लास्टिकमध्ये अधिकच मुरतो.

चीर जेथे संपते असे दिसते तेथून ती पुढे सरकू पाहते. म्हणून तिच्या अगदी टोकाशी तीन मिलिमीटरचे एक छिद्र पाडतात. गोल छिद्राशी ताण पसरतो आणि तडा पुढे जात नाही. एवढीशी गोष्ट, पण घाईने काम करणारे नेमकी हीच वगळतात आणि सहा महिन्यांत सांध्याच्या पुढे नवी चीर दिसू लागते. त्यानंतर बाहेरून दोन्ही कडा अचूक जुळवून त्यांवर चिकटपट्टी लावायची आणि बंपर पालथा घालून सारे मुख्य काम आतल्या बाजूने करायचे. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चिरेच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन बोटे जागा खरखरीत करावी. साठ वॉटच्या आसपासच्या सोल्डरिंग आयर्नच्या चपट्या टोकाने आधी कडा जागजागी टाचून घ्याव्यात, जसे शिवणापूर्वी कापडाला कच्चे टाके घालतात. मग बारीक छिद्रांच्या स्टेनलेस स्टीलच्या जाळीची पट्टी चिरेवर ठेवून तापल्या टोकाने प्लास्टिकमध्ये दाबत न्यावी आणि वरून पट्ट्यांची भर वितळवून जाळी पूर्ण झाकावी. जाळी साध्या लोखंडाची घेऊ नये. तिला गंज चढतो आणि तो फुगून सांधा उकलतो. बाजारात तारेचे नागमोडी टाके तापवून रोवणारे छोटे यंत्रही मिळते. त्याने काम लवकर होते. टाके साधारण बोटभर अंतरावर, चिरेला आडवे आणि जाडीच्या अर्ध्यापर्यंतच रोवावेत, अन्यथा बाहेरून फोड दिसतात.

आतला सांधा निवल्यावर बंपर उलटा करून बाहेरून चिरेवर उथळ खाच पाडावी आणि तीही पट्टीने भरून घ्यावी. निवण्यास वेळ द्यावा. पाणी ओतून घाई करू नये. धूर निघू लागला किंवा प्लास्टिक करपट दिसू लागले तर उष्णता जास्त झाली असे समजून थांबावे, कारण जळलेल्या प्लास्टिकमध्ये बळ राहत नाही. हे काम मोकळ्या हवेत, मुलांना दूर ठेवून करावे. तो धूर छातीत घेण्यासारखा नसतो. बंपर मोटारीवरच ठेवून ज्योतीच्या दिव्याने सांधण्याचा प्रयत्न तर कोणीही करू नये. आजूबाजूला वायरी असतात आणि प्लास्टिक पेट घेते.

तडा नसून केवळ खोलगट पोचा पडला असेल, तर यातले काहीच नको. उकळते पाणी सावकाश त्या भागावर ओतावे, प्लास्टिक मऊ होताच आतून हाताने दाबून पोचा बाहेर काढावा आणि लगेच गार पाणी ओतावे. हातात जाड मोजे हवेत. मात्र रंगाला आधीच तडे गेले असतील तर पोचा निघाला तरी ते तडे राहतील.

आता रंग, आणि बचतीचे खरे गणितही येथेच आहे. बंपर नवा घ्या वा जुना सांधा, रंगाचा खर्च दोहोंत जवळपास सारखाच येतो. सुटा बंपर बहुधा बिनरंगी मिळतो. वरील कल्पित उदाहरणात सांधण्याचे हजार रुपये धरले तरी रंग आणि काढण्या-बसवण्याचे मिळून पाच हजार होतात, म्हणजे बचत तीन हजारांची. ‘निम्म्याहून कमी खर्चात’ असे ऐकवले जाते तेवढी नव्हे. परंतु चीर खालच्या काठाला किंवा काळ्या, बिनरंगी भागावर असेल तर रंगाची गरजच पडत नाही, आणि मग खर्च दोन हजारांवर थांबतो. काळ्या खरखरीत पृष्ठभागावर सांध्याची गुळगुळीत रेघ दिसते, हे मान्य करावे लागते. घरात एकच मोटार असेल आणि ती कामापुरती वापरली जात असेल, तर ती रेघ सोसण्यात काही कमीपणा नाही.

रंग द्यायचाच असेल तर सांध्यावर लवचिक जातीची, बंपरसाठीचीच लांबी भरावी. पत्र्यावरची साधी लांबी बंपर लवताच तडकते. घासताना पॉलिप्रॉपिलीनवर कापडासारखी लव उठते. ती हलक्या हाताने, थांबून थांबून काढावी. उघड्या प्लास्टिकवर आधी पकड वाढवणारा खास द्रव आणि त्यावर प्रायमर, हा क्रम मोडला तर पहिल्याच उन्हाळ्यात रंगाची सालपटे निघतात. रंगाचा क्रमांक मोटारीवरील छोट्या पट्टीवर छापलेला असतो. तोच दुकानात सांगावा. पांढरा वा लाल असा साधा रंग जमून जातो. चंदेरी आणि मोतिया रंगांत मात्र उन्हात फरक दिसतो, म्हणून अशा वेळी पूर्ण बंपर रंगवणे बरे. वरचा चकचकीत थर देताना जो दोन घटकांचा लॅकर वापरतात त्याच्या कठीणकात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांच्या फवाऱ्याने दम्यासारखा विकार जडू शकतो आणि नाकावर बांधलेला साधा रुमाल त्याला अडवीत नाही. एवढे काम तरी घराच्या गच्चीत न करता रंगाऱ्याकडे सोपवावे, आणि चातुर्मासाच्या दमट दिवसांत ते टाळता आले तर टाळावे. ओलसर हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते.

स्वतः हात घालण्याची सवड वा इच्छा नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून तालुक्याच्या गावापर्यंत प्लास्टिक सांधणारा कारागीर कोठेही सापडतो. त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: आतून जाळी किंवा टाके घालणार काय, भर कशाची घालणार, आणि चिरेच्या टोकाला छिद्र पाडणार काय. रंग देण्यापूर्वी सांधलेला बंपर एकदा आतून पाहू द्यावा असे सांगून ठेवावे. चांगल्या कारागिराला हे प्रश्न आवडतात. जो ‘साहेब, वरून लांबी मारून देतो, कळणारसुद्धा नाही’ असे म्हणतो त्याच्याकडून परत फिरावे. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात उतरवलेले जुने बंपर मिळतात. असा बंपर घेताना आतले कान आणि क्लिपांच्या जागा शाबूत आहेत काय हे तपासावे, कारण जुना बंपर बहुतेक वेळा तेथेच मोडलेला असतो. अनधिकृत नकली बंपर स्वस्त असतात, पण फटी जुळत नाहीत आणि बसवणारा स्क्रूसाठी नवी छिद्रे पाडू लागतो.

एकदा चटका बसला की पुष्कळ जण पुढे जाडजूड पोलादी गार्ड बसवून घेतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चे त्यामुळे उल्लंघन होते, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले आहे. लवणाऱ्या आवरणाऐवजी ताठ लोखंड पुढे आले की धडकेचा हिसका थेट सांगाड्याला बसतो, आणि रस्त्यावर आडवा आलेला माणूस किंवा जनावर असेल तर त्याला प्लास्टिकऐवजी लोखंड लागते. त्यापेक्षा गृहनिर्माण संस्थेच्या सभेत तळघरातील खांबांच्या कोपऱ्यांना गुडघ्याच्या उंचीपासून कमरेपर्यंत काळ्या-पिवळ्या रबरी पट्ट्या लावण्याचा ठराव मांडावा. एका बंपरच्या किमतीत बऱ्याच खांबांचे काम होते.